कौतुकाच्या चौकटीबाहेरची पणजी

२००४ पासून बहुतेक वर्षी नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आला की पणजी देशभरच्या पडद्यावर झळकते. मांडवीचा काठ, फोंताइन्हासची रंगीत घरे, रोषणाईने उजळलेले रस्ते. ही दृश्ये पाहून पणजीकराचा ऊर भरून येतो आणि त्याच वेळी मनात काहीतरी खुपते. ती खोटी नसली, तरी अपुरी असतात.

२०१६ मध्ये शहराची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली. त्यानंतरच्या खोदकामाची धूळ दुकानदारांनी आणि पादचाऱ्यांनी दीर्घकाळ सोसली. मुसळधार पावसात १८ जून मार्गावर पाणी साचते. सांतिनेज खाडीची दुर्गंधी कोणत्याही कॅमेऱ्यात टिपली जात नाही. फोंताइन्हासमध्ये तर कौतुकच जाच ठरले. छायाचित्रांसाठी दारात ठाण मांडणाऱ्या पर्यटकांना आवरा, असे रहिवाशांना सांगावे लागले.

तरीही पणजीकर या कौतुकावर सरसकट रुसलेला नाही. पर्यटनावरच येथील अनेकांची चूल पेटते. त्याचा आक्षेप एवढाच, की तक्रार मांडली की उत्तर म्हणून ही प्रशंसा पुढे केली जाते. मग नजरेत भरणाऱ्या कामांना प्राधान्य मिळते आणि जमिनीखालची गटारे मागे पडतात.

प्रसिद्धीमाध्यमांनी शहराची बदनामी करावी, असे कोणी म्हणत नाही. महोत्सवातल्या पणजीसोबत आषाढातल्या पणजीचीही दखल घ्यावी, इतकीच येथील नागरिकांची अपेक्षा आहे.