श्रीमंतांची गोष्ट दाखवा, पण हिशोबासकट!

मंडळी, रोज रात्री टीव्ही लावला की तेच. मोठा बंगला, मधोमध जिना, स्वयंपाकघरातसुद्धा भरजरी साडी. शेकडो भाग होतात, पण या घरात पैसा येतो कुठून? उत्तर एकच, 'बिझनेस'! कर्जाचा हप्ता नाही, वीजबिल नाही.

याच मराठीत एका बड्या घराण्याचं फार वेगळं नाटक आहे. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी'. १९८५ ला विजया मेहतांनी ते रंगभूमीवर आणलं. पुढे त्यांनीच ते 'हवेली बुलंद थी' नावानं हिंदीत टीव्हीसाठी केलं.

विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांचा वाडा. तात्याजी वारलेत. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय, हातात रोख नाही. आणि वाद कशावरून? तर तेरावं घराण्याला शोभेल असं झालं पाहिजे! शिकायची हौस असलेली प्रभा घरातच सुकून गेली, तिचं कुणाला काही नाही. नाव मात्र राहिलं पाहिजे.

सांगा, हे फक्त देशपांड्यांचं आहे का? जात बदला, आडनाव बदला, आपल्या बदनापूर तालुक्यातलं घर वाटंल. आपल्याकडून समृद्धी महामार्ग गेला, जमिनीचा मोबदला आला. काहींनी दुसरीकडं शेत घेतलं, पोरं शिकवली. त्यांना सलाम. पण काही घरांत तो पैसा मांडव, डीजे अन् गाडीत गेला. जमीन एकदाच विकता येते, भाऊ.

मालिकावाले म्हणतात, लोकांना हेच पाहिजे. अहो, तुम्ही दुसरं वाढलंच नाही तर लोक मागतील काय? चंद्रकांत कुलकर्णींनी 'वाडा'चे तिन्ही भाग सलग नऊ तास रंगमंचावर केले, तेव्हा प्रेक्षक बसलाच ना!

माझं म्हणणं साधं आहे. सह्याद्री वाहिनीनं असली नाटकं लोक घरी असतात त्या वेळेला दाखवावीत. पुण्या-मुंबईला थिएटर आहे. आपल्या आयाबहिणींना नाटक बघायचं तर टीव्हीच आहे. श्रीमंती दाखवायला ना नाही. पण ती कशी येते, कशी जाते आणि जाताना घरातल्या कुणाला घेऊन जाते, तेही दाखवा की.

तुमच्या गावात मोठेपणापायी किती एकर गेलं? नावं नका लिहू, फक्त एकर लिहा.