चीर कुठे दिली?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की घरात चर्चा रंगते ती भिंगाची. देशी टाकायचे की परदेशी, केवढ्याचे, मेडिक्लेममध्ये किती बसेल. ज्यात चीर देऊन ते भिंग आत जाते, त्या कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, विषय निघतच नाही. डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर ताकदीपैकी ४३ च्या आसपास एकट्या कॉर्नियाची असते. म्हणजे भिंग कितीही उत्तम निवडले तरी प्रकाश वळवण्याचे मोठे काम तोच करतो, आणि शस्त्रक्रियेत आकार बदलतो तोही त्याचाच.

ज्या दिशेला चीर, त्या दिशेची वक्रता थोडी सपाट होते आणि तिच्याशी काटकोनातली वाढते. चष्म्यातला सिलिंडर नंबर दोन दिशांच्या अशा फरकातून येतो. पूर्वी १० ते १२ मिलिमीटरची चीर आणि टाके असत, तेव्हा हा फरक मोठा पडे. यंत्राने मोतीबिंदू फोडून काढण्याच्या फेको पद्धतीत चीर जेमतेम २ ते ३ मिलिमीटरची, त्यामुळे तो बहुधा अर्ध्या डायॉप्टरच्या आत राहतो. नेत्रशिबिरांत मात्र अनेकदा ६-७ मिलिमीटरची, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून दिलेली बिनटाक्याची चीर असते. या पद्धतीबद्दल तक्रार नाही. महागड्या यंत्राविना, घट्ट पिकलेल्या मोतीबिंदूवरही ती उत्तम चालते आणि गरिबाला परवडते. प्रश्न आहे तो चीर कुठे द्यायची याचा. उतारवयात कॉर्निया बहुधा उभ्या दिशेने सपाट आणि आडव्या दिशेने अधिक वक्र होत जातो. अशा डोळ्याला वरून चीर दिली की आधीचाच दोष वाढतो. कानाकडच्या बाजूने दिली तर तो उलट कमी होतो. शिवाय ती जागा मध्यापासून थोडी लांब पडत असल्याने ओढही कमी बसते. वरची जखम पापणीखाली झाकली जाते आणि हाताला तीच सवय असते, हे खरे. पण भिंगाचा नंबर ठरवायला कॉर्नियाची वक्रता मोजावीच लागते. तो आकडा समोर असताना चीर सवयीने का द्यावी?

‘पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला अजूनही गावोगाव दिला जातो. कॉर्नियाला तो महागात पडतो. त्याच्या आतल्या थरातल्या पेशी पाणी बाहेर टाकून त्याला पारदर्शक ठेवतात आणि गेलेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. मोतीबिंदू जितका घट्ट, तितकी आत हाताळणी जास्त आणि पेशींची हानीही जास्त.

शस्त्रक्रियेनंतर कॉर्निया काही दिवस सुजलेला असतो, जखमही बसायची असते. म्हणून चष्म्याचा पक्का नंबर महिना-दीड महिन्याने काढायचा. नेमके तेव्हाच खेड्यातल्या आजी येत नाहीत. एसटीचे भाडे, सोबतीला आलेल्या मुलाची बुडालेली मजुरी आणि ‘दिसतंय की आता’ एवढ्यावर मानलेले समाधान. चष्म्याने पुसता आला असता तो धूसरपणा मग जन्मभर सोबत राहतो. शिबिराच्या अहवालात ‘इतक्या शस्त्रक्रिया’ हा आकडा ठळक छापला जातो. त्याच्या शेजारी दीड महिन्याने किती जणांचा नंबर काढला आणि किती जणांच्या हाती चष्मा पडला, हेही छापा. अनुदान देणाऱ्यांनी आणि देणगीदारांनी हे दोन आकडे मागून घ्यावेत. आजी येऊ शकत नसतील, तर तपासणी त्यांच्या गावच्या आरोग्य केंद्रात न्यावी.