भांगेचें सत्त्व आणि स्मरणशक्ति

भांगेच्या झाडांतील कॅनाबिडायॉल या द्रव्याचें तेल घेतल्यास वृद्धांची स्मरणशक्ति टिकते, अशा जाहिराती हल्लीं वारंवार दृष्टीस पडतात. हें द्रव्य १९४० सालीं रॉजर ॲडम्स या अमेरिकन रसायनज्ञानें वेगळें काढलें. गांजांतील मादक द्रव्याप्रमाणें तें नशा आणीत नाहीं, ही गोष्ट खरी. अपस्माराच्या कांहीं दुर्धर प्रकारांवर त्याचें औषध अमेरिकेंत २०१८ सालीं मान्यहि झालें. परंतु अपस्मार निराळा व विस्मृति निराळी. विस्मृतीच्या बाबतींत आशादायक फळ दिसलें तें मुख्यत्वें उंदरांवरील प्रयोगांत; मनुष्यांवर तें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. शिवाय या औषधानें गुंगी येते व यकृतास इजा होऊं शकते. सबब डॉक्टरांच्या सल्ल्याविना घरांतील वडील माणसांस तें देऊं नये.

दुसरा प्रश्न लागवडीचा. उत्तराखंडांत परवान्यानें भांग पिकविली जाते, हें ऐकून येथें कोणी परवान्याविना बीं टाकील, तर १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यान्वयें तो गुन्हा होय. जें पीक पीकपाहणींत उघडपणें लिहवत नाहीं, त्यापायीं जमीन व अब्रू पणास लावणें शहाणपणाचें नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे.