खेळांतील निवड

संगणकावरील खेळ म्हणजे काळाचा निव्वळ अपव्यय, असें पुष्कळ पालक म्हणतात. आमच्या सांगवीसही ही तक्रार कानीं येते. मला मात्र हें मत सरसकट मान्य नाहीं.

कॅनडांतील बायोवेअर या संस्थेचा ‘मास इफेक्ट’ हा खेळ 2007 सालीं निघाला. खेळणारा त्यांत शेपर्ड नामक यानप्रमुख होऊन तारामंडळांतून संचार करितो. विर्मायर ग्रहावर कायडन व ॲश्ली या दोन साथीदारांपैकीं एकासच वांचवितां येतें. 2010 व 2012 सालच्या पुढील भागांत आपली नोंद नेली, तर वांचलेला भेटतो. गेलेला परत येत नाहीं.

कै. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेंत विश्वासरावांस गोळी केवळ चाटून जाते, आणि पुढील इतिहास पालटतो. वाचक तें दुरून पाहतो. खेळांत निवडीचा भार आपल्याच शिरीं येतो. हाच त्याचा विशेष होय.

परंतु एक पळवाट आहे. निकाल न रुचल्यास जुनी नोंद उघडून तोच प्रसंग पुन्हां खेळतां येतो. मींही तसें केलें. ॲश्ली वांचली, कायडन गेला. पण आतां कोणाच्याच जाण्याचें कांहीं वाटेना.

विद्यार्थिमित्रहो, अभ्यास आटोपून अवश्य खेळा. मात्र एकदां केलेली निवड पालटूं नका. पूर्वीं रागाच्या भरांत एका विद्यार्थ्यास मीं भर वर्गांत लागेल असें बोललों. तो प्रसंग पुन्हां उघडण्याची सोय मला आजवर सांपडलेली नाहीं.