तंबाखू? छे, मशेरी!

मुरुडच्या दवाखान्यात बसून केसपेपरवर मी वर्षानुवर्षं एक खोटं लिहीत आलो: ‘व्यसन – नाही.’ पेशंट खोटं बोलत नव्हत्या. माझा प्रश्नच चुकत होता.

“मावशी, तंबाखू खाता का?”

“नाय ओ डॉक्टर, मी कशाला खाऊ?”

खरंच होतं ते. मावशी मशेरी लावायच्या. तीच तंबाखू, फक्त तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली. दोन वर्षांनी त्या तिखट सोसत नाही म्हणून आल्या, तेव्हा मी पहिल्यांदा तोंडात टॉर्च मारला. गालाच्या आत पांढरा चट्टा. असा चट्टा पुढे कॅन्सरचा होऊ शकतो. अलिबागला जायचं म्हणजे एसटीत दिवस आणि दिवसभराचा मासळीचा धंदा बुडाला, त्यामुळे त्या तिसऱ्यांदा सांगितल्यावर गेल्या. तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता. या वेळी.

अशा बायकांना आम्ही डॉक्टर मंडळी सर्रास ‘अडाणी’ म्हणतो. मला त्याचा राग येतो. मावशींनी मला हिशेब नीट सांगितला: पहाटे मासळी घ्यायला उभं राहायचं तर भूक मरते, दाढेचा ठणका थांबतो, आणि त्याशिवाय पोट साफ होत नाही. म्हणजे दाताचा डॉक्टर, सकाळची न्याहारी आणि रेचक, तिन्ही एका डबीत. यातलं मी त्यांना काय दिलं होतं? “सोडा” हा एक शब्द. तोही फुकटचा नाही, तपासणी फी घेऊन.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली. पण घरच्या तव्यावर कोण छापा घालणार? तिथे फक्त घरचंच माणूस पोचतं. म्हणून तुम्हाला सांगतोय. आजीच्या डबीला नाक मुरडू नका, चारकोलच्या पेस्टच्या रील बघणाऱ्यांनी तर नकोच. तिची दाढ आधी दाखवून आणा. निकोटिन सुटताना चिडचिड होते, डोकं दुखतं, तेव्हा “बघ, सोडून काय मिळालं?” असं म्हणू नका. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट. फोन तुम्ही लावून द्या.

माझ्या केसपेपरवर आता प्रश्न बदललाय: “दात कशाने घासता?”

परवा एकोणीस वर्षांच्या मुलीला विचारलं. म्हणाली, “पेस्टने. आधी थोडी मशेरी, मग पेस्ट.”