अठरा इंची मोह

टोयोटा ८६ घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: १८ इंची चाकं कधी टाकायची? माझं मत आधीच सांगून टाकतो. टाकू नका. १७ इंचीच ठेवा, हलकी घ्या आणि उरलेले पैसे टायरवर घाला.

२०१२ साली ही गाडी आली तेव्हा तिला २१५/४५ आर १७ मापाचे मिशेलिन प्रायमसी टायर होते, म्हणजे चक्क प्रियसवाले! मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांना गाडी कमी वेगातही मजेत घसरवता यायला हवी होती, म्हणून पकड मुद्दामच बेताची ठेवलेली. त्यामुळे या गाडीत सगळ्यात मोठा फरक पडतो तो रबराने. चाकाचा नंबर नंतर.

आता जरा गणित करू, इंजिनिअर आहोत ना :) मूळ टायरचा व्यास येतो सुमारे ६२५ मिमी. लोक १८ वर हमखास २२५/४० चढवतात, तो ६३७. जवळजवळ दोन टक्के जास्त. म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांबला, आणि या २ लिटरच्या इंजिनात खालच्या आरपीएमला टॉर्कची आधीच बोंब. वर टायरची भिंत ९७ मिमीवरून ९० वर आली. खड्ड्यात रिम वाकली की मग आठवण येते.

वजनाबद्दल तर फेकाफेकी फार. "चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो" हे तुम्हीही ऐकलं असेल. कसं काय बुवा? सगळं वजन अगदी टायरच्या परिघावर आहे असं धरलं, तरी फिरण्याची ऊर्जा पुढे जाण्याच्या ऊर्जेइतकीच भरते. म्हणजे जास्तीत जास्त दुप्पट. रिम तर टायरच्या आत असते, तेव्हा दीडपटीच्या आसपास धरा. चारही चाकांत मिळून ८ किलो वाचवले तर वेग घेताना १२ किलो उतरल्यासारखं वाटेल. साडेबाराशे किलोच्या गाडीत हा एक टक्का झाला.

मग हलकी चाकं घ्यायचीच कशाला? सस्पेन्शनसाठी. चाक, टायर, ब्रेक हे सगळं स्प्रिंगच्या खाली लटकतं. तिथे प्रत्येक कोपऱ्यात दोन किलो कमी झाले की डॅम्परला चाक पटकन जमिनीवर टेकवता येतं, खडबडीत वळणावर गाडी उड्या मारत नाही. स्टॉपवॉचवर दिसणार नाही कदाचित, पण स्टिअरिंगमध्ये कळतं.

रेज कंपनीचं टीई३७ हे १९९६ पासून याच हलकेपणासाठी गाजलंय. नावातला ३७ आला तो १५ इंची चाकाच्या ३.७ किलो वजनावरून. ते फोर्ज्ड, त्यामुळे महाग. तशाच दिसणाऱ्या ओतीव नकला स्वस्तात मिळतात, पण दिसणं सारखं म्हणून वजन सारखं नसतं. जेडब्ल्यूएल शिक्का बघा आणि दुकानात चाक सरळ काट्यावर ठेवायला लावा.

कोणी म्हणेल, २०२१ च्या जीआर८६ ला कंपनीनेच १८ इंची दिली की! दिली, वरच्या मॉडेलला. पण टायर २१५/४०, व्यास ६२९, आणि तेही पायलट स्पोर्ट ४. शिवाय इंजिन २.४ लिटरचं. ते कुठून आणणार?