लंगोट कोण धुणार?

'पर्यावरणपूरक बाळ' हा सध्या आपल्या आयटी जमातीचा नवा छंद आहे. बांबूचा टूथब्रश (दात एकूण दोन!), ऑर्गॅनिक कॉटनचं झबलं, बिनरंगाचा लाकडी खुळखुळा. सगळं कुरिअरने येतं, पुठ्ठ्याच्या खोक्यात, बबल रॅपमध्ये गुंडाळून. असो. ज्याला परवडतं त्याने घ्यावं, खुळखुळ्याशी माझं वैर नाही. पण ज्या वस्तूने खरा कचरा होतो ती मात्र महिन्याच्या किराण्याबरोबर गुपचूप घरात येत राहते. डायपर.

हिशेब करा. दिवसाला ५ धरले तर दोन वर्षांत ३६५०. वर पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं कापड, खाली पॉलिइथिलीनचा पडदा, मध्ये लाकडाचा लगदा आणि शू पिऊन जेली होणारी सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची भुकटी. यातला लगदा कुजतो, आणि बाळाने स्वतः घातलेली भर. बाकीचं बाळाच्या नातवंडांनाही बघायला मिळेल.

पुण्यात हे उचलतं कोण? 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते. सुक्या कचऱ्यातून विकण्याजोगं वेगळं काढायचं, त्यावर त्या बाईचं घर चालतं, आणि त्यातच आपण वर्तमानपत्रातसुद्धा न गुंडाळलेलं डायपर टाकतो. २०१३ साली या बायकांनी वापरलेले सॅनिटरी पॅड पोत्यांत भरले आणि बनवणाऱ्या कंपन्यांना सरळ परत पाठवून दिले. तुमचा माल, तुम्हीच बघा! मला हा निषेध फार आवडतो. कसलं भाषण नाही, नुसतं 'रिटर्न टू सेंडर'. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत आलं की पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांनी पूर्ण पुनर्वापर होईल असा माल वापरता येतो का ते पाहावं, नाहीतर प्रत्येक नगामागे टाकण्यासाठी पिशवी द्यावी. आमच्या घरी आजवर जेवढी पाकिटं फोडली त्यातल्या एकातही ती पिशवी निघाली नाही. कंपनीचं नाव घेत नाही.

आता लंचटेबलवर हमखास ऐकू येणारा मुद्दा: "अरे, पण ब्रिटनमध्ये अभ्यास झालाय, कापडी आणि डिस्पोजेबल सारखेच."

झालाय खरा. २००८ चा. अडीच वर्षांच्या वापराला डिस्पोजेबलचे साधारण ५५० किलो कार्बन डायऑक्साइड आणि कापडीचे ५७०. लोक इथेच वाचायचं थांबतात. त्याच अहवालात पुढे आहे की मशीन पूर्ण भरून लावलं, कपडे दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरले, तर कापडीचा आकडा सुमारे २०० किलोंनी खाली येतो. म्हणजे ते ५७० किलो लंगोटाचे नाहीतच, गरम पाण्याचे आणि ड्रायरचे आहेत. ब्रिटनमध्येच २०२३ साली नवा अभ्यास आला, त्यात कापडी सरासरीनेच २५ टक्के कमी. आपल्याकडे ड्रायर कुणाच्या घरी आहे? गच्ची आहे, ऊन आहे. कोडमध्ये चुकीचं इनपुट टाकून आउटपुटवर भांडणाऱ्या माणसाला आपण कोड रिव्ह्यूत काय म्हणतो ते इथे लिहीत नाही :-)

पण हे सगळं पुण्यात बसून म्हणणं सोपं आहे. माझं गाव लोणी भापकर. पुष्करणी आणि यज्ञवराह बघायला येणाऱ्यांना ते सुंदर वाटतं, आहेही. पण बारामती म्हटलं की जो ऊस तुमच्या डोळ्यांपुढे येतो तो नीरा डाव्या कालव्याखालचा. आमचा भाग जिरायती. पाऊस हुकला की टँकरकडे डोळे. दिवसाचे लंगोट धुवायला, खळबळायला, पुन्हा खळबळायला आमच्याकडे तीन बादल्या लागतात, म्हणजे ४५ लिटर. जल जीवन मिशनचं गावातल्या माणसाला दिवसाचं पाणी किती? ५५ लिटर. एका माणसाचं जवळजवळ सगळं पाणी लंगोटात! तेव्हा उन्हाळ्यात गावाकडची एखादी वहिनी डायपर लावते म्हणून तिला नावं ठेवणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

अडचण अशी की गावात डायपरला जायला जागाच नाही. ओढा, नाहीतर उकिरडा. उकिरड्याचं शेणखत होतं आणि ते शेतात जातं, प्लॅस्टिकच्या चिंध्यांसकट. म्हणून पाण्याचा आणि कचऱ्याचा हिशेब त्या वहिनीच्या पदरात टाकून कंपनीला मोकळं सोडणं मला मान्य नाही.

आणि आता आपण. म्हणजे बाप लोक. 'आपल्या आजीच्या वेळी कुठे होते डायपर?' असं म्हणणाऱ्याला माझा एकच प्रश्न: तू शेवटचा लंगोट कधी धुतलास? आजीच्या वेळी डायपर नव्हते, तसे लंगोट धुणारे आजोबाही नव्हते. नोकरी करणारी बायको, सहा महिन्यांनी संपलेली रजा, आणि त्यात नवऱ्याला अचानक आलेला पर्यावरणाचा पुळका. ते धुणं जर तिच्याच अंगावर पडणार असेल तर त्या घरात डायपर लावलेलंच बरं. आमच्याकडे दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर, आणि भिजलेली बादली माझी. त्यासाठी चारशे रुपयांचा 'मॉडर्न क्लॉथ डायपर' लागत नाही. आईच्या जुन्या सुती लुगड्याची चौकोनी फडकी पुरतात. धुऊन धुऊन मऊ झालेली असतात, आणि नव्या कापडापेक्षा लवकर वाळतात.

आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटलीची आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला बंदी आहे. बाजारात दोन्ही मिळतात, लागेल तो घेतो, पण टीव्हीवर हसरं बाळ दाखवून विकता येत नाहीत. डायपरला हेच लावा. सोबत पिशवी द्या आणि वापरलेला माल गोळा करण्याचा खर्च किमतीत धरा. पाकीट महागेल. महागू दे, आज तो खर्च कचरावेचक बाई आपल्या तब्येतीतून भरतेच आहे.

पुढच्या शनिवारी टीममधल्या एकाच्या मुलाचं बारसं आहे. वर्गणीचा ईमेल फिरतोय: बेबी गिफ्ट सेट, माणशी ३०० रुपये. मी 'रिप्लाय ऑल' करून टाकलंय की मी पैसे देणार नाही, घरची बारा धुतलेली दुपटी देणार आहे. आणि एक बादली. बादलीवर बापाचं नाव घालून.